दाजी, तुमचा तांबडा ट्रॅक्टर विकायला काढला

दाजी, रागावू नका. तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झाला नाही आणि तुमचा तांबडा ट्रॅक्टर मी विकायला काढला. तुम्ही असता तर हसून म्हणाला असता, "पाव्हणं, साधलाच का शेवटी डाव?" पण हे माझ्या मनानं केलेलं नाही. अक्कानं सांगितलं. माझी थोरली बहीण आणि तुमची बायको. तिनं एकदा ठरवलं की तुमचंच काही चालत नव्हतं, तिथं माझी काय कथा? म्हणून झाला प्रकार तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नका. तशी तुम्हाला मध्ये बोलायची सवय नव्हतीच म्हणा, ती माझी.

आपलं भांडण काय होतं? साधंच होतं. मी दौंडात जुन्या ट्रॅक्टरची दलाली करणारा माणूस. कुणाला घ्यायचा असो की विकायचा, आधी मला विचारतात. आणि माझ्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं: जुन्या ट्रॅक्टरला जेवढं लावाल तेवढं माघारी येत नाही. टायर बघून गिऱ्हाईक चार पैसे वाढवून देईल, रंग बघून आणखी थोडे देईल. इंजिनात घातलेला पैसा त्याला दिसतच नाही, तर तो देईल कशाला? हे मी तुमच्या गावी, निमोण्यात, दारातल्या लिंबाखाली उभं राहून इतक्यांदा सांगितलं की अक्काच्या कोंबड्यांनासुद्धा पाठ झालं असेल. तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसत ऐकायचा. "व्हय, खरं हाय तुमचं," म्हणायचा. आणि पुढच्या रविवारी येऊन बघावं तर नवी क्लचप्लेट आणून ठेवलेली!

"खरं हाय तुमचं" म्हणून उलटंच करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

तो ट्रॅक्टर आबांचा, तुमच्या वडलांचा. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. निमोण्यात बूड टेकल्यावर त्यांनी कळप विकला आणि हा परदेशी बनावटीचा, दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर दारात आणला. भावकी म्हणाली, म्हातारा खुळा झाला. मग त्याच भावकीनं नांगरटीसाठी आबांच्या दारात नंबर लावले. आबा गेले, तुम्ही मोठा नवा ट्रॅक्टर घेतला आणि तांबडा लिंबाखाली गेला. बोनेटखाली कोंबड्या अंडी घालायच्या, सीटवर पोरं खेळायची. माझ्या हिशेबानं तो तेव्हाच संपला होता.

मग तुमचा फोन आला. "पाव्हणं, रविवारी मोकळं हाय का? आबांचा ट्रॅक्टर चालू करावा म्हंतो."

मी म्हणालो, "दाजी, भंगारवाल्याला घाला. वजनावर घेईल, तेवढीच जागा मोकळी होईल."

"घालू की. तुम्ही या तर खरं. एकदा बघून तर जा."

त्या साली माझी बायको, मंदा, गेली होती. तुम्हाला माहीतच आहे, पण सांगतो. बाकीचे दिवस धंद्यात जायचे. माणसं येतात, फोन वाजतो, कुणाचा कागद अडतो, कुणाचा हप्ता. रविवारी ऑफिसं बंद, बँका बंद, आमचा धंदाही थंड. तो दिवस मला खायला उठायचा. चहासुद्धा करावासा वाटायचा नाही. आणि कुणी सांत्वनाला आलं की माझं डोकं फिरायचं. दोन-तीन जणांना तर मी दारातूनच वाटेला लावलं. "तिच्यायला, तुम्हाला रडायचंय तर तुमच्या घरी रडा," असं म्हणालो होतो एकाला. अक्का आली तर तिच्याशीही धड बोललो नाही.

पण ट्रॅक्टर बघायला बोलावलं म्हटल्यावर मी आलो. ट्रॅक्टर बघायला मी कुठंही जातो. काष्टीवरून, भीमा ओलांडून, घोड ओलांडून आलो आणि आल्या आल्या तुम्हाला शिव्या घातल्या. आठवतं का? इंजिनाच्या हेडात पाणी शिरलेलं, पिस्टन चिकटलेले, डिझेलच्या टाकीत मुंग्यांचं वारूळ. मी म्हणालो, याला हात लावणारा माणूस शहाणा नाही. तुम्ही म्हणाला, "मग काय काय लागंल ते सांगा."

दोन वर्षं तर नुसतं सामान गोळा करण्यात गेली. पिस्टन-लायनर मी बारामतीकडून मिळवून दिले, मडगार्ड कवठे येमाईच्या एका गोठ्यामागं सापडले. क्रँक शिरूरला लेथवर घासून आणला. मग हायड्रोलिक, मग पुढचा एक्सल, मग डिझेलचा पंप. रंग तर तुम्ही दोनदा मारायला लावला, कारण पहिला तांबडा तुमच्या मते "आबांचा तांबडा" नव्हता. मी तिथं कपाळावर हात मारून घेतला होता. तांबडा तो तांबडा, त्यात आबांचा कुठला आणि माझा कुठला? एकूण खर्च सव्वाचार लाखांवर गेला तेव्हा मी तुम्हाला चक्क ओरडलो, "दाजी, उद्या हा बाजारात उभा केला तर दीड लाख येतील. दीड! कुठलाही शहाणा जास्त देणार नाही."

"न्हाईच देणार," तुम्ही म्हणाला. "बरं, आता हिशोब झाला आसंल तर जरा आवाज ऐका. कायतरी वेगळं वाजतंय."

आणि मी ऐकायचो. इथं मात्र माझी कॉलर ताठ व्हायची. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगावं तर मीच, असं सगळा दौंड तालुका म्हणतो. ट्रॅक्टर चालू केला की खडखड खडखड, पांढरा धूर. मी डोळे मिटायचो आणि सांगायचो, "पंपाचं टायमिंग हललंय." तुम्ही म्हणायचा, "आयला! पुन्यांदा?" मग पाने काढायचे, पंप केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचा, पुन्हा चालू करायचा, पुन्हा बंद. त्यात दुपार व्हायची. अक्का भाकरी टाकायची, मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. दोन घास जास्त जायचे. हात काळे झालेले असले की माणूस जेवतो बघा. संध्याकाळी आवाज एकदम गोड लागायचा आणि मी दौंडला परत यायचो तो अंथरुणावर पडल्या पडल्या झोपायचो. पुढच्या रविवारी परत तेच. मी चिडायचो, "तुमचा हा पंपच नाठाळ आहे. बदलून टाका." तुम्ही म्हणायचा, "बघू, बघू. एवढ्या बारीला तर लावून द्या."

आपला शेवटचा रविवारही वादातच गेला. तुम्हाला मागच्या टायरांची नवी जोडी हवी होती. मी म्हणालो, आता बास, ट्रॅक्टरपेक्षा टायर महाग व्हायला लागलेत. तुम्ही म्हणाला, पुढच्या रविवारी ठरवू. मी म्हणालो, ठरवायचं काय त्यात? गाडी सुरू केल्यावरही मी काचेतून बोट दाखवून तुम्हाला "नाही" म्हणत होतो आणि तुम्ही लिंबाखाली उभे राहून मान डोलवत होता. गुरुवारी भाच्याचा, तुमच्या विकासचा फोन आला. "मामा, लगेच निघा," एवढंच म्हणाला. मी ओळखलं.

दहाव्याला घोडच्या काठावर आपली सगळी माणसं जमली होती. तुम्हाला सांगायला हरकत नाही, मी तयारी करून आलो होतो. मला खात्रीच होती की कावळा पिंडाला शिवणार नाही. तुमचा जीव त्या ट्रॅक्टरात अडकलेला, मग कावळा येईल कशाला? आधी भाऊबंद काहीबाही कबूल करतील, विकास म्हणेल आईला सांभाळतो, कावळा बाभळीवर तसाच बसून राहील, आणि मग सगळ्यांच्या मागून मी पुढं होईन आणि हात जोडून म्हणेन, "दाजी, ट्रॅक्टर विकत नाही. नवे टायरसुद्धा टाकतो." हे वाक्य मी गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना गाडी बाजूला घ्यावी लागली.

आणि काय झालं? विकासनं पिंड ठेवला, तो अजून सरळही झाला नव्हता, तर कावळा आला की! खाली उतरला, निवांत शिवला, वर आणखी दोघांना बोलावलं. बाया पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सोन्यासारखा माणूस, मागं काय ठिवलं न्हाई." पुरुषमाणसं म्हणाली, चला, बरं झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी मात्र तोंडात मारल्यासारखा उभा होतो. दाजी, खरं सांगू? राग आला तुमचा. एवढे रविवार तुमच्याबरोबर घातले, आणि तुम्हाला माझ्याकडून एक शब्दसुद्धा ऐकून घ्यायचा नव्हता? तुमचा जीव त्या ट्रॅक्टरात नव्हता, तर मग होता कशात? मग कशासाठी एवढा पैसा मातीत घातला? असं वाटलं की आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून निघून गेला.

तेराव्यानंतर अक्का मला म्हणाली, "इकून टाक. विकास कंपनीत शिफ्टला जातो, त्याला येळ न्हाई. उभा ऱ्हाऊन गंजंल, ते मला बघवायचं न्हाई. तुझं कामच हाय ते, तू कर."

झालं. माझं कामच हाय ते. चार जणांच्या कानावर घातलं.

गिऱ्हाईक आलं पुण्याकडचं. हायवेला हॉटेल आणि कृषी पर्यटनाचं केंद्र काढतोय, त्याला दारात जुना ट्रॅक्टर हवा, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. पांढरी गाडी, पांढरे बूट, पण माणूस वाईट नव्हता. बोलायला मऊ होता. तुमचा रंग बघून त्याचे डोळेच चमकले. मी सव्वातीन सांगितले. तो पावणेतीनवर आला, मग तीनवर. दाजी, तीन लाख! दीडचा माल म्हणून मी तुमच्यावर ओरडलो, तो तीनला निघाला होता. तुमच्या सव्वाचारला अजून सव्वा लाख कमीच, म्हणजे बोलणं माझंच खरं, पण मला काही आनंद झाला नाही. मनात म्हणालो, आता तरी तुम्ही काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं.

त्यानं बरोबर एक फिटर आणला होता, उत्तर प्रदेशाकडचा पोरगा. तो बोनेट उचलून टॉर्च मारून बघत होता. एकदम म्हणाला, "साब, ये तो बहुत बार खुला हुआ है."

माझं डोकं सणकलं. "काय खुला है? मेरे सामने बना है ये. एक बार बांधा, उसके बाद टायमिंग के सिवा इंजिन को हात नहीं लगाया किसी ने."

"आप खुद देख लो चाचा. पंप के नट."

मी वाकून बघितलं. आमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट. जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर आधी नट बघायचे. नटाचा रंग तडकला असेल तर इंजिन खोललेलं. नटाची टोकं झिजली असतील तर फार वेळा खोललेलं. परक्याच्या ट्रॅक्टरचे नट मी अंगणात शिरायच्या आधी बघतो. तुमच्या ट्रॅक्टरचे मी त्या नजरेनं कधी बघितलेच नव्हते. आपल्याला तो घ्यायचा थोडाच होता?

पंप ज्यावर धरलेला असतो ते तीनही नट गोल होत आले होते. पाना जेमतेम धरेल एवढाच कोपरा उरला होता. मी स्वतः टायमिंग लावायचो ते रविवारी, तेही काही प्रत्येक वेळी नाही. कधी तुम्हीच पाना घ्यायचा. एवढ्यानं नट असे होत नाहीत. दुप्पट वेळा कुणीतरी ते सोडून आवळलेले दिसत होते. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. मी विचारलं, "अक्का, या पंपाला आणखी कोण हात लावत होतं?"

तिनं कपबशा बांधावर ठेवल्या. पदरानं हात पुसले. "तुझं दाजीच की," म्हणाली. "शनवारी."

"शनिवारी कशाला?"

"शनवारी सांजच्याला पाना घेऊन बसायचे. मी म्हणायचे, चांगला चाललाय, त्याला कशाला बोट लावता? तर म्हणायचे, उद्या पाव्हणं यायचं हायती. त्यांस्नी काय तरी काम नगं का?"

दाजी, मी खाली बसलो. तिथंच, पुढच्या चाकाला टेकून, त्या पांढऱ्या बुटांच्या माणसासमोर.

अक्का बोलतच होती, हळू, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत असल्यासारखी. "मला म्हणले हुते, सांगू नगंस, न्हाईतर यायचा बंद हुईल. तुला कुणी धीर द्यायला आलं तर तू अंगावर जायचास. आन् ट्रॅक्टर म्हटलं की यायचास. आबांच्या माघारी तो लिंबाखाली पडलाच हुता की रं. त्याची कुणाला आठवण तरी हुती? तुझी मंदा गेली आन् ह्यांनी तुला फोन लावला."

म्हणजे सव्वाचार लाख. क्रँक, मडगार्ड, दोनदा रंग, आबांचा तांबडा. आणि दर शनिवारी स्वतःच्या हातानं बिघडवलेला चांगला चाललेला पंप. मी डोळे मिटून ऐटीत सांगायचो, टायमिंग हललंय! आणि तुम्ही "आयला! पुन्यांदा?" म्हणायचा, तेसुद्धा काय झकास म्हणायचा हो! एकदासुद्धा हसला नाहीत. सगळ्या तालुक्याची लबाडी मी नटावरून ओळखतो आणि माझ्याच दाजींनी मला इतकी वर्षं गंडवलं. कावळा लगेच का शिवला ते आता कळलं मला. तुमचं काही राहिलंच नव्हतं. तुम्ही ते रविवारच्या रविवारी पुरं करत होता.

गिऱ्हाइकाला यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. तो बिचारा सभ्यपणे थोडा वेळ थांबला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मला स्वतःला काही अडचण नाही. पण माझा पार्टनर बघायला येईल आणि त्याला हे खोललेलं दिसलं तर तो सव्वादोनच्या वर जाणार नाही. तुम्ही एक करा. हे तीन नट नवीन टाका, वरून जरा रंगाचा हात फिरवा. शंभर-दोनशेचं काम आहे. मी तीन लाख फायनल करतो, पाहिजे तर आत्ता टोकन देतो."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. आमच्या धंद्यात याला तयारी म्हणतात. दोनशे रुपये लावायचे आणि पाऊण लाख वाढवून घ्यायचे. एवढा चांगला व्यवहार मला साऱ्या आयुष्यात मिळालेला नसेल. नवे नट माझ्या गाडीतच होते. मी डिकी उघडली, डबा काढला, तिन्ही नट हातात घेतले. मापाचे होते. पाना घेऊन इंजिनाजवळ गेलो. पहिल्या नटावर पाना लावला तर तो घसरायला लागला. तिथं अंगठा ठेवून बघितला. नट गुळगुळीत लागला. तुमच्या किती शनिवारांनी तो तसा झाला असेल, दाजी? मला पुढं काही करवेना.

"साहेब, नट बदलायचे नाहीत," मी म्हणालो.

"अहो काका, दोनशे रुपयांसाठी..."

"दोनशे रुपयांचं नाही हो. चहा घ्या. ट्रॅक्टर द्यायचा नाही."

तो चहा न घेताच गाडीकडं वळला. त्या फिटर पोराला मात्र काहीतरी उमगलं असावं. त्यानं बोनेट हळूच खाली घेतलं आणि जाताना त्यावरचे बोटांचे डाग फडक्यानं पुसले.

गाडी गेल्यावर अक्कानं विचारलं, "मोडला का येव्हार?"

"मोडला."

"कशावरनं?"

"नट झिजलेत म्हणाला."

तुम्ही गेल्यापासून अक्का हसली नव्हती. आधी तिनं तोंडाला पदर लावला, मग तिला आवरेना, मग आम्ही दोघं त्या लिंबाखाली हसत हसत असे रडलो की शेजारची म्हातारी बघायला आली. मंदा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तेही त्यातच आलं असावं. दाजी, माणसं मला धीर धरा म्हणत होती आणि तुम्ही मला नुसतं कामाला लावलंत. त्यानं मी जगलो. हे तुम्हाला समोर कधी बोलता आलं असतं का? नाही. तुम्ही "व्हय, खरं हाय" म्हणून आवाज ऐकायला लावला असतात. म्हणून इथं बोलतो, तुमच्या पाठीमागं.

डोळे पुसून झाल्यावर अक्का एकदम तिच्या मूळ सुरात आली. "आता गंजू द्यायचा का मग ह्यो?"

"गंजतोय कसला. दर रविवारी येऊन चालू करत जाईन."

"आन् चांगलाच चालत असला तर? मग काय करशील दिसभर?"

मी पाना पुसून पिशवीत ठेवला. म्हणालो, "शनवारीच मुक्कामाला येत जाईन."